सीताफळाच्या बियांवर पेटलेली भट्टी

माझं आयुष्यभर ज्याच्याशी भांडण चालू आहे, असा मला एकच मित्र आहे. नांदेडच्या जुन्या भागात त्याची बेकरी आहे, वडिलांनी उभी केलेली. आम्ही एका शाळेत, एका बाकावर होतो. पुढं मी रसायनशास्त्र शिकवायला कॉलेजात गेलो आणि तो भट्टीसमोर उभा राहिला. निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी त्याच्या दुकानातल्या बाकड्यावर बसतो, चहात खारी बुडवतो आणि त्याच्याशी वाद घालतो. तो मला ‘प्रोफेसर’ म्हणतो. मी साधा लेक्चरर म्हणून निवृत्त झालो हे त्याला चांगलं ठाऊक आहे, म्हणूनच म्हणतो.

त्याची भट्टी म्हणजे विटांची एक बुटकी खोलीच आहे. आत लाकडं पेटवायची, विटा आणि फरशी तापून लाल झाली की निखारे ओढून बाजूला काढायचे, ओल्या पोत्यानं फरशी पुसायची आणि मग त्या साठलेल्या आचेवर दिवसभर माल भाजायचा. आधी पाव, मग टोस्ट, मग खारी, आणि भट्टी निवत आली की बिस्किटं. हे सगळं त्याला विचारून कळलेलं नाही. इतकी वर्षं बाकड्यावर बसून मला ते पाठच झालं आहे.

दिवाळीच्या आधीचे दिवस मात्र भट्टी त्याची राहत नाही, आसपासच्या बायकांची होते. आमच्याकडं नानखटाई घरी भाजत नाहीत. मैदा, पिठीसाखर आणि तूप घरून न्यायचं, बेकरीच्या ओट्यावर बसून मळायचं आणि तिथल्याच पत्र्यांवर गोळे मांडून भाजून आणायचं. पत्रे एकासारखे एक, तेव्हा ओळख राहावी म्हणून प्रत्येक घराची खूण असते. कुणी अर्धा काजू लावतं, कुणी चारोळी, कुणी नुसताच अंगठा दाबतं. ह्या कामाचे पत्रे वेगळे ठेवलेले असतात. त्यांना अंड्याचा हात कधी लागलेला नाही. ही पद्धत त्याच्या वडिलांनी पाडली आणि कुणी विचारो न विचारो, मित्रानं ती तशीच चालू ठेवली. माझ्या आईचे गोळे ह्याच भट्टीत भाजले गेले, बायकोचेही.

बेकरीच्या मागं पूर्वी लाकडाचा अड्डा होता. तो गेला आणि तिथं चार मजली अपार्टमेंट उभं राहिलं. माझ्या मुलीनं आणि जावयानं त्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. माझं घर तिथून दोन गल्ल्या सोडून. नात डोळ्यांसमोर राहील म्हणून मी खूशही झालो. पण भट्टीचं धुराडं इमारतीपेक्षा कितीतरी जुनं. त्याचं तोंड बरोबर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीसमोर यायचं. आणि नातीला दमा आहे.

पहिल्या हिवाळ्यात मुलगी गप्प राहिली. दुसऱ्या हिवाळ्यात तिनं सोसायटीच्या लोकांना गोळा केलं. धुराडं वाढवून पाहू असं मित्र म्हणाला, तर मग धूर आमच्याकडं येईल म्हणत तिसऱ्या मजल्यावरच्या बाई भांडायला उभ्या राहिल्या. शेवटी ठरलं ते असं, की पुढच्या दिवाळीपर्यंत धूर थांबला नाही तर महानगरपालिकेत अर्ज जाणार आणि भट्टी बंद होणार. अर्जावर पहिली सही माझ्या मुलीची.

मी तिच्यावर भडकलो. “ज्याच्या भट्टीतला पाव खाऊन तू लहानाची मोठी झालीस, त्याच्यावर अर्ज करतेस?”

ती शांतपणे म्हणाली, “बाबा, चाचांशी माझं काही वाकडं नाही. तुम्ही रात्रीची हिची छाती ऐकलीत कधी?”

मी ऐकली होती. म्हणून तर जास्त चिडलो होतो. ज्याचं उत्तर आपल्याकडं नसतं त्यावर माणूस आवाज चढवतो, आणि मी तर शिक्षक, आवाज चढवण्यात मुरलेला.

मित्राला सांगायला गेलो तेव्हा तो पत्रे घासत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पोरगी बरोबर हाय तुझी. पण मी काय करू सांग? गॅसची भट्टी लावायची तर ही पाडायला लागती. अब्बांनी बांधलेली हाय, यार. माझ्या हातानं कशी पाडू?”

एवढं बोलून तो पुन्हा पत्रे घासायला लागला. त्या दिवशी आमचा वाद झाला नाही, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

पावसाळा सरत आला तेव्हा मी धाकट्या बहिणीकडं जळकोटला गेलो. तिच्या बचत गटाचं सीताफळाचा गर काढायचं काम आहे. बायका फळं फोडतात, गर आणि बिया वेगळ्या करतात, गर डब्यात भरून गोठवायला पाठवतात. तो तापवायचा नसतो, तापवला की कडू होतो. शेडच्या मागं गेलो तर बियांचा ढीग. काळ्याभोर, चकचकीत, वाळलेल्या. पायाखाली घसरत होत्या.

“ह्यांचं काय करता?” मी विचारलं.

“काय करायचंय, दादा? शेळी तोंड लावत न्हाई, कोंबडी टोचत न्हाई. नाल्याकडंच्या खड्ड्यात टाकतो.”

हे मलाही माहीत होतं. आमच्या लहानपणी उवा मारायला ह्या बियांची पूड डोक्याला लावायचे आणि डोळ्यांवर फडकं घट्ट बांधून बसवायचे, कारण पूड डोळ्यात गेली तर डोळा जायची भीती. आई आम्हाला बियांशी खेळूही द्यायची नाही.

त्या ढिगापाशी उभा असताना मला कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. परीक्षानळीत लाकडाचा भुसा घालून, बूच लावून, खालून तापवायचा प्रयोग मी वर्षानुवर्षं मुलांना दाखवला होता. आत हवा नाही, त्यामुळं भुसा पेटत नाही. तो नुसता मोडतो. त्यातून वायू निघतो, डांबरासारखं काळं पाणी निघतं आणि नळीत कोळसा राहतो. वायूला काडी लावली की तो निळसर जळतो. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा तेवढ्यापुरती जागी व्हायची. धूर म्हणजे दुसरं काय, तर हाच वायू आणि हेच डांबर, न जळता निसटलेलं. ते आधीच काढून घेतलं तर जो कोळसा उरतो तो धुराशिवाय जळतो. हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं, पण फळ्याच्या बाहेर त्याचा कुणाला उपयोग होईल असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

जळकोटच्या वेल्डरकडून एक मोठं आणि एक लहान असे दोन लोखंडी पिंप जुळवून घेतले. लहान पिंपात बिया भरायच्या, झाकण गच्च बसवायचं आणि ते मोठ्या पिंपात ठेवून भोवती तुराट्या पेटवायच्या. लहान पिंपातून निघणारा वायू एका नळीनं परत खालच्या जाळातच आणून सोडायचा. सुरुवातीला नळीतून पांढरी वाफ येते, मग पिवळट, घशाला झोंबणारा धूर येतो. आणि मग एकाएकी तो धूर पेट घेतो, भस्सकन. त्यानंतर तुराट्या घालायची गरज राहत नाही. बिया स्वतःच्याच वायूवर भाजल्या जातात. पहिल्यांदा तो जाळ धरला तेव्हा मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की गटातल्या बायका गर सोडून धावत आल्या.

पहिली खेप मात्र वाया गेली. मला धीर निघेना, पिंप गरम असतानाच झाकण उघडलं. हवा लागली आणि सगळा कोळसा डोळ्यांदेखत पेटून राख झाला. बहीण पदर तोंडावर धरून हसत होती. “दादा, शिकवलंस किती वर्षं हे?”

दुसऱ्या खेपेला दिवसभर थांबलो. झाकण काढलं तर आत बिया जशाच्या तशा. तोच आकार, तेच टोक, तोच काळा रंग. पण हातात घेतली की पिसासारखी हलकी, आणि दोन बोटांत दाबली की चुरा. बोटं काळी झाली. बहिणीनं एक कच्ची बी आणि एक भाजलेली बी शेजारीशेजारी तळहातावर ठेवली आणि म्हणाली, “काय बदललं ह्यात?”

मी तिला समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे, हे मला वर्गात रोज दिसायचं. पण सख्ख्या बहिणीच्या बाबतीत ते ध्यानात आलं नाही.

एक गोष्ट मला तेव्हाही खुपत होती. वायू पेट घेईपर्यंतचा तो पिवळट धूर बहिणीच्या अंगणात पसरायचा. ती तोंडाला फडकं बांधायची. नातीच्या छातीतला धूर काढून बहिणीच्या छातीत घालायचा, एवढंच आपण करत आहोत का, असं मी स्वतःला विचारत होतो. मग नळी वाढवली, पिंप शेडपासून लांब वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेलं, आणि सुरुवातीचा जाळ आधीच मोठा केला की धूर लवकर पेटतो हे हळूहळू जमत गेलं. त्या आचेवर बायकांना भांडी धुवायला गरम पाणी मिळायला लागलं. तरीही थोडा धूर राहायचाच. धूर नाहीसा होत नसतो, तो कुठं आणि कसा जाळायचा एवढंच आपल्या हातात असतं. हे मी आता कुणालाही सांगताना आवाज खाली ठेवून सांगतो.

कोळशाचं पहिलं पोतं घेऊन नांदेडला आलो, तर मित्र पोत्याकडं बघायलाच तयार नाही.

“सीताफळाच्या बिया? माझ्या भट्टीत? प्रोफेसर, उवा मारायच्या हायत का नानखटाई भाजायचीय?”

“बिया नाहीत रे त्या आता. कोळसा आहे.”

“मला तर बियाच दिसून राहिल्या.”

तो आधी त्याच्या स्वतःच्या पावावर प्रयोग करायला कबूल झाला. गोल बिया फरशीवर घरंगळायला लागल्या तेव्हा दोघांनी मिळून पसरट लोखंडी तसराळं केलं आणि त्यात कोळसा रचला. भट्टी तापायला वेळ लागला, त्यानं मला तेवढ्या वेळात भरपूर ऐकवलं. पण आच बसली ती अशी एकसारखी, की तो बोलायचा थांबला. धुराड्यातून नुसती हवा थरथरताना दिसत होती. पहिला पाव त्यानं स्वतः फोडला, हुंगला, चावला, आणि मला न देता सगळा खाल्ला.

“कडू न्हाई,” एवढंच म्हणाला.

दुपारी मुलीकडं गेलो. ती सहज म्हणाली, “आज चाचांची भट्टी बंद होती का हो?” मी सोफ्यावर बसलो आणि हसतच सुटलो. नातीला वाटलं आजोबांना काहीतरी झालं.

अर्ज तात्पुरता थांबला. सोसायटीनं दिवाळीची कबुली पाळली, मित्रानं लाकूड बंद केलं, जळकोटहून टेम्पोनं पोती यायला लागली. प्रत्येक पोत्यात हात घालून मी दोन-चार बिया चुरून बघायचो. मित्र चिडवायचा, “हळद बघायला बाजारात आलास का?”

मग दिवाळी अगदी तोंडावर आली. ओट्यावर बायकांची गर्दी, तुपाचे डबे, लहान मुलांची पळापळ. कोळसा भराभर संपत होता. मी बहिणीला फोन करून सांगितलं, होईल तेवढा पाठव. तिकडं सीताफळाचा शेवटचा बहर, गटाचं काम गळ्याशी आलेलं. तरी तिनं पोती पाठवली. टेम्पो भल्या पहाटे येऊन गेला. मित्रानं पोती स्वतः उतरवून घेतली आणि मला उठवायला नको म्हणून तसंच काम सुरू केलं.

मी घरी पेपर वाचत होतो. खिडकीतून वास आला. जळक्या तेलाचा, कडवट, नाकात शिरून डोळ्यांत उतरणारा. जळकोटच्या अंगणातला पिवळट धूर तो. मी चप्पल न घालता पळालो.

गल्लीत धूर जमिनीला धरून चालला होता. बायका डोळे चोळत रस्त्यावर उभ्या होत्या. दुकानात मित्र भट्टीच्या तोंडाशी फावडं घेऊन आतलं तसराळं बाहेर ओढायचा प्रयत्न करत होता. पण बियांमधलं तेल पेटलेलं, जाळ बाहेर येत होता. ते धरता येईना. वर गॅलरीत कुणीतरी खोकत होतं. मग मुलीची हाक आली, “बाबा!” ती हाक माझ्यासाठी होती, पण मान वर केली ती त्यानं. त्यानं एकदा तिकडं पाहिलं आणि फावडं टाकून दिलं.

कणीक भिजवायच्या पाण्याचं पिंप आतच असतं. त्यानं घमेलं बुडवलं. तो काय करणार आहे हे कळायला मला एक क्षण लागला आणि मी ओरडलो, “पाणी नको! अरे, फरशी फुटेल, भट्टी जाईल!”

“ठाऊक हाय,” तो म्हणाला आणि पाणी ओतलं.

तापलेल्या विटांवर पाणी पडल्याचा तो आवाज मी विसरणार नाही. आधी वाफ फुसफुसली आणि मग आतून काहीतरी मोठ्यानं तडकलं. त्यानं दुसरं घमेलं ओतलं, तिसरं ओतलं. प्रत्येक वेळी आत काहीतरी तडकत होतं. वाफेनं त्याचे हात भाजत होते आणि तो थांबत नव्हता. धूर पुरता बसला तेव्हा त्यानं घमेलं खाली ठेवलं. त्याच्या वडिलांनी बांधलेल्या कमानीची एक बाजू खाली आली होती.

मुलगी नातीला घेऊन जिन्यावरून उतरली. मी समोरचा ऑटो थांबवला. नातीचे ओठ पांढरे पडले होते आणि ती काही बोलत नव्हती, नुसती हवा ओढत होती. दवाखान्यात तिला वाफेचा मास्क लावला. मला देवाधर्माचं फारसं काही नाही, पण त्या खोलीत मी हात जोडून उभा होतो आणि मला त्याची लाज वाटली नाही. दुपारपर्यंत तिचा श्वास ताळ्यावर आला. तिनं मास्कमधून मला विचारलं, “आजोबा, आपली नानखटाई जळाली का?” तेव्हा मुलगी रडायला लागली.

मी पाणी आणायला बाहेर आलो तर दवाखान्याच्या फाटकाबाहेर मित्र उभा. हातांना काहीतरी मलम फासलेलं, केसांत राख.

“आत ये ना.”

“कपड्यांना वास हाय. लेकराजवळ कसा येऊ?” तो म्हणाला. “कशी हाय?”

“बरी आहे.”

त्यानं डोळे मिटले. मग तिथंच फुटपाथवर बसला. मी त्याच्या शेजारी बसलो. आम्ही दोघंही म्हातारे, त्या फुटपाथवर लहान मुलांसारखे बसून राहिलो आणि मला हुंदका आवरेना. भट्टीचं नाव त्यानं काढलं नाही. मीही काढू शकलो नाही.

संध्याकाळी बहिणीला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. मग तिला खरंच काही कळत नसल्यासारखी म्हणाली, “दादा, पिंपातला कोळसा कमी पडला म्हणून दोन पोती वाळलेल्या बिया भरल्या. जाळायलाच पाठवायच्या होत्या ना? मग आधी इथं भाजायच्या अन मग तिथं जाळायच्या कशाला? अन काळ्या व्हायला तर त्या आधीच काळ्या हायत.”

मला तिच्यावर ओरडता येईना. तिच्या बाजूनं पाहिलं तर त्यात चूक काहीच नव्हती. लाकूड, कडबा, गोवरी, जन्मभर तिनं जे जे जाळलं ते सरळ चुलीत घातलं. जाळायच्या वस्तूला आधी हवा तोडून भाजायचं, हे तिच्या दृष्टीनं शिकलेल्या भावाचं खूळ होतं. घाईच्या दिवसांत ते खूळ तिनं बाजूला ठेवलं होतं, एवढंच. मग मी तिला नातीचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती नांदेडला आली आणि नातीच्या उशाशी बसून राहिली. मित्राकडं जायला तयार नव्हती. तोच आला आणि तिला म्हणाला, “ताई, मीच न्हाई वळखलं. पोतं जड लागलं होतं, तरी टाकलं. तुमचं काय त्यात?”

ती दिवाळी तशीच गेली. बायकांनी आपापले गोळे कुठंकुठं नेऊन भाजून घेतले. सोसायटीला अर्ज करायची गरजच उरली नाही, भट्टीच नव्हती. मला वाटलं आता तो शटर ओढून घेईल. पण मुलगीच एक दिवस सोसायटीच्या लोकांना म्हणाली, की चाचांनी पाणी माझ्या मुलीसाठी ओतलं, तेव्हा भट्टी परत बांधायला कुणाची हरकत असेल तर मला सांगा. कुणाचीच नव्हती. अर्धापूरच्या अलीकडून एक जुना भट्टीचा गवंडी मिळाला. जुन्यातल्या शाबूत विटा निवडून त्यानं नवी कमान उभी केली. ह्या वेळी कोळशासाठी बाजूला वेगळी जाळी बसवली आणि धुराडं साफ मोकळं करून घेतलं, कारण कोळशाचा धूर दिसत नसला तरी त्याची विषारी हवा कोंडू द्यायची नसते. जळकोटहून आता प्रत्येक पोतं बहीण स्वतः बघून पाठवते. बोटांनी चुरते आणि मगच तोंड शिवते. पोती सोडायला आलेला टेम्पोवाला सांगत होता, की तिचे हात हल्ली कायम काळे असतात.

भट्टी पेटली. धूर नव्हता. मी धुराड्यावर पांढरं फडकं धरून पाहिलं, डॉक्टरांना विचारलं, मुलीला गॅलरीत उभं केलं. सगळं ठीक होतं. माझ्या लेखी विषय संपला होता.

पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की बेकरीतला पाव उशिरा निघायला लागला आहे. पूर्वी उजाडायच्या आत भट्टी तापलेली असायची. आता मी जातो तेव्हा मित्र ओट्यावर नुसता बसलेला असायचा, कणीक फुगून वर आलेली, भट्टी गार. सकाळचं गिऱ्हाईक येऊन परत जायचं. विचारलं तर म्हणायचा, “होऊन जाईल, घाई काय?” एके दिवशी मी लवकर जाऊन बसलो. अपार्टमेंटच्या फाटकाशी शाळेची ऑटोरिक्षा आली, नात दप्तर घेऊन बसली, रिक्षा कोपऱ्यावर वळली. मग तो उठला आणि त्यानं भट्टी पेटवली.

मी त्याला सगळं परत समजावून सांगितलं. हवा न लागता बी कशी मोडते, वायू कसा जातो, मागं काय उरतं. आकृती काढून दाखवली. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, “हाव. कळलं.” दुसऱ्या दिवशीही तो रिक्षाची वाट बघत बसला होता. आणि रविवारी तर दुकानाला चक्क कुलूप. त्याच्या वडिलांच्या काळापासून रविवारी ती बेकरी कधी बंद राहिली नव्हती.

मला राग आला, वाईटही वाटलं. एवढं शास्त्र माझ्याकडं, आणि एका माणसाच्या मनातली भीती मला काढता येईना. मी ते मुलीजवळ बोलून गेलो.

पुढच्या रविवारी सकाळी तिनं मला फोन करून बेकरीवर बोलावलं. मी पोचलो तर शटर अर्धं वर, मित्र आत पत्रे पुसत होता. दाराशी मुलगी उभी होती, एका हातात तूप-मैद्याचा डबा, दुसऱ्या हातात नातीचं बोट.

“चाचा, आज शाळेला सुट्टी आहे,” ती म्हणाली. “ही दिवसभर घरीच आहे. पेटवा भट्टी.”

तो तिच्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं बघितलं. तो उठला, पोत्यात हात घातला, मूठभर बिया काढून एकेक करून सगळ्या बोटांत चुरल्या. मग भाजल्याचे डाग पडलेल्या त्या काळ्या हातांनी नातीसमोर उकिडवा बसला.

“बेटा, जरा जरी वास आला, की लगेच सांगायचं,” तो म्हणाला. “मी इझवतो.”